हवा निघेपर्यंत

पौषातली सकाळ. धरणाचं पाणी दिसत नव्हतं,
नुसता धूर सोडत होतं.
चिचटोल्याच्या घाटाला दवाखान्याची लाँच,
दारात सिस्टर रंगारी, ओले हात काखेत दाबून.
"दोन तास इंजिन चाललं गा मिस्तरी,
नळाचं पाणी तसंच, बरफावानी.
काल पलीकडं बारा दिवसांचं लेकरू तपासलं.
माझा हात लागला अन् असं रडलं
की त्याची माय माझ्याकडेच रागानं पाहे."

मी धानाच्या बांधावरचे पंप दुरुस्त करणारा.
बोटीत पहिल्यांदा उतरलो, पाय लटपटले.
इंजिनाचं झाकण काढलं तशी ओळख पटली:
तीच धडधड, तोच काळा घाम.
फक्त याच्या कुशीतून दोन रबरी नळ्या निघून
बाकाखालच्या टाकीत शिरत होत्या.
डोमा मारबते सुकाणूवरून बोलला,
"आतमंदी वेटोळं हाये. इंजिनचं गरम पानी त्याच्यातून फिरते,
नळाचं पानी भवताल बसते. शेकत."

जाणारी नळी एका हातात धरली, येणारी दुसऱ्यात.
पहिलीनं वीतभर चटका दिला, पुढं गप्प.
दुसरी रात्रभर दवात पडलेली दोरी.
म्हणजे पाणी निघतं, पोचत नाही.

तरी आधी संशय घेतला तो थर्मोस्टॅटवर.
माणूस असाच, लहान दिसणाऱ्यावर आधी आळ घेतो.
इंजिन निवू दिलं, तो काढला, सुतळीला बांधला
आणि घाटावर भागरताच्या चुलीशी नेला.
"माया चहाच्या गंजात टाकता का हे?"
मग दुसरा गंज दिला, बुडाला काजळी धरलेला.
पाणी गुणगुणायला लागलं, उकळीला आलं,
आणि त्यानं शिंपलीसारखं तोंड उघडलं. हळू.
थंड पाण्यात धरला. मिटलं.
काहीच गुन्हा नव्हता बिचाऱ्याचा.
हिवराजनं वहीच्या पुठ्ठ्याचं गॅस्केट कापलं,
होता तिथं बसवला.

दुपार कलली. उपाशीपोटी बाकाखाली आडवा झालो,
आणि आडवं झाल्यावरच दिसलं:
टाकी इंजिनाच्या डोक्यापेक्षा वर बसवलेली,
नळी एका लाकडावरून चढते, मग उतरते.
त्या कुबडात कोण बसलं असेल?
बावीस वर्षं बांधाबांधावर हेच ऐकतोय,
"मिस्तरी, पंपानं हवा धरली."
अन् इथं पाण्यावर तरंगत तेच विसरलो.

हिवराजला म्हटलं, तू वरून ओतत राहा, थांबू नको.
कुबडाशी क्लिप ढिली केली.
सूं झालं. मग फुरफुर, थुंकी, पुन्हा सूं.
हिरवं पाणी बोटांवरून ओघळून बाहीत गेलं.
बुडबुडे संपेनात.
डोमा शेजारी बसून पाण्याकडं पाहत होता.
"इथंच खाली आमचं घर होतं. तांब्याचा बंब होता बापाचा.
उठलो तवा किलोच्या भावानं इकला."
मी काही बोललो नाही. हवा निघत होती.
किती वेळ गेला, कोणी मोजला नाही.
मग धार अखंड झाली, बिनआवाजाची.
क्लिप आवळली. इंजिन सुरू.

पाव तासानं दोन्ही नळ्या सारख्याच तापल्या.
टाकीला त्याहून जास्त वेळ लागला,
तोवर धुकं परत उतरायला लागलं होतं.
सिस्टरनं नळ सोडला, हात पुढं केला
आणि ओरडली, "अगं माय!"
हात झटकत हसायलाच लागली.
"आता थंडं मिसळायचं कुठून गा?"
खरंच, थंड्याची तोटी कोणी बसवलीच नव्हती.
ते उद्याचं काम.

रजिस्टर उघडून बसली. "बिघाड काय लिहू?"
"हवा."
"हवेचं बिल नाही निघत मिस्तरी."
मी हात पुसले. "मग लिहा, एक क्लिप."
क्लिप तर जुनीच होती.